विनंती आणि हुकूम

सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या माणसाला हुकूम चटकन कळतो. विनंती कळावयास मात्र त्याला फार वेळ लागतो. कारण उघड आहे. कचेरीत विनंती ही नेहमी खालून वर जाते. ती अर्जाच्या रूपाने येते, तिच्यावर आवक क्रमांक पडतो, समासात शेरे उमटतात, आणि ती मान्य करावी की दप्तरी दाखल करावी हे ठरविणारा वर बसलेला असतो. वरून खाली येतो तो हुकूम. त्यात 'कृपया' हा शब्द असला तरी त्याचे मोल लिफाफ्यावरील तिकिटाइतकेच. मजकुराशी त्याचा संबंध नसतो. परप्रांतात बदल्यांमागून बदल्या काढणाऱ्या आपणा मंडळींच्या अंगी हे व्याकरण इतके मुरते की, जी गोष्ट मना केलेली नाही ती करण्यास मोकळीक आहे, असे आपण विचार न करताच धरून चालतो.

या समजुतीला आम्हांला एकदा ठेच लागली. ठेच लागली ती दगडाचीच. पण तो दगड ३४८ मीटर उंच आहे आणि त्याचा घेर सुमारे साडेनऊ किलोमीटर भरतो.

आमची थोरली कन्या मेलबर्नला असते. सेवानिवृत्तीनंतर, २०१६ च्या जुलैत, आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. तिने हौसेने तिकिटे काढून आम्हांला त्या खंडाच्या ऐन मध्यभागी, वाळवंटात धाडले. ॲलिस स्प्रिंग्ज हे तिकडचे मोठे गाव. तेथून सडकेने साडेचारशे किलोमीटर नैर्ऋत्येकडे गेले म्हणजे तांबड्या, सपाट, खुरट्या झुडपांच्या रानात एकाएकी उलुरू दिसतो. आम्ही सह्याद्रीच्या सावलीत वाढलेलो. आमचा डोंगर एकटा येत नाही. सोंडा, कडे, खिंडी, पठारे असे सगळे गणगोत बरोबर घेऊन येतो. हा मात्र कोणाचा कोणी नसल्यासारखा उभा होता. भूशास्त्रज्ञ सांगतात की हा वालुकाश्माचा एकसंध गठ्ठा आहे. त्याचे थर मुळात आडवे साचले, पुढे भूकवचाच्या उलथापालथीत जवळजवळ उभे झाले, आणि वर दिसतो त्याहून पुष्कळ अधिक खडक जमिनीखाली आहे. आतला दगड राखी रंगाचा. वरचा तांबडेपणा म्हणजे त्यातील लोहाला चढलेला गंज. मावळतीला तो पेटतो आणि विझत विझत जांभळा होतो. त्याचे अधिक वर्णन करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी सूर्यास्तांची आधीच पुरेशी वाट लावली आहे.

१९ जुलै १८७३ रोजी विल्यम गॉस नावाचा सर्वेक्षण करणारा अधिकारी तेथे पोहोचला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांचे नाव त्याने या खडकाला देऊन टाकले. वरिष्ठाला खूश करण्याची ही रीत साऱ्या साम्राज्यात सारखीच होती. आपल्याकडच्या पुलांची आणि पेठांची जुनी नावे काढून पाहिली तरी हे ध्यानात येईल. गॉस मग माथ्यावर चढला. बरोबर कामरान नावाचा उंटवाला होता. तिकडे या उंटवाल्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. ही माणसे आणि त्यांचे उंट आपल्या वायव्येकडच्या मुलखातून, पुष्कळदा कराची बंदरातून, तिकडे गेलेले. आणि त्या काळी कराची मुंबई इलाख्यात मोडत असे, हे येथे सहज आठवले. गॉसने स्वतः नोंदवून ठेवले आहे की तो धारदार खडकावरून अनवाणी चढला. आपल्याकडे अनवाणी चढणे म्हणजे नवस किंवा भक्ती. गॉसच्या बाबतीत ती बहुधा पाय घसरू नये एवढ्यापुरती खबरदारी असावी.

खडकाला नाव मात्र आधीच होते, आणि ते ज्यांनी ठेवले ते लोकही तेथेच होते. ते स्वतःला आनंगू म्हणवितात. त्यांच्या जीवनाचा जो पाया आहे त्याला ते चुकुर्पा म्हणतात. इंग्रजीत याचे 'स्वप्नकाळ' अशा अर्थाचे भाषांतर रूढ झाले आणि त्याने फार घोटाळा केला. चुकुर्पा म्हणजे पूर्वजांनी भूमीला आकार दिला तो काळ. त्या काळाची कथा. आणि त्या कथेतून निघालेला, आज कोणी कोणाशी, कोणत्या झऱ्याशी, कोणत्या प्राण्याशी कसे वागावे याचा कायदाही. आपल्या 'धर्म' या शब्दाची 'रिलिजन' या शब्दात जी कुचंबणा होते ती ज्याने अनुभवली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. उलुरूवरील प्रत्येक खाच, गुहा आणि डाग या कथांतला कोणता ना कोणता प्रसंग आहे. माला नावाचे लोक, म्हणजे ससाएवढ्या एका लहान कांगारूच्या जातीचे पूर्वज, उत्तरेकडून विधीसाठी येथे आले. पुरुषांनी विधीचा खांब माथ्यावर रोवला. विधी सुरू असताना पश्चिमेकडून दुसऱ्या विधीचे बोलावणे आले. आरंभलेला विधी मोडता येत नाही म्हणून त्यांनी नकार दिला, आणि नकाराने चिडलेल्यांनी कुर्पानी नावाचा कुत्र्यासारखा एक भयंकर जीव त्यांच्यावर सोडला. बाहेरच्यांना सांगतात ती एवढीच, बालबोध कथा. तिचे आतले पदर वयाने, दीक्षेने आणि स्त्री-पुरुष भेदाने वाटून दिलेले आहेत. आपणांस सगळे सांगितले जाणार नाही, हे पाहुण्याने प्रथम गिळावयाचे असते. आमच्यासारख्या, प्रत्येक फाईल मागवून घेण्याची सवय असलेल्या माणसाला हा घोट कडू गेला, हे कबूल केले पाहिजे.

माला पुरुष ज्या वाटेने वर गेले नेमक्या त्याच वाटेने प्रवासी चढत. १९६४ साली त्या चढणीवर लोखंडी खांब रोवून हाताला धरावयास साखळी लावली, १९७६ साली ती लांबविली. लाखो पायांनी घासून त्या तांबड्या अंगावर फिकट पांढुरका पट्टा उमटला होता. तो दुरूनही दिसे. आनंगू स्वतः सहसा वर जात नसत. प्रवाशांना त्यांनी नाव दिले 'मिंगा', म्हणजे मुंग्या. आम्हांला या शब्दात द्वेष दिसला नाही. पायथ्यापासून पाहिले तर दुसरी उपमा सुचणे कठीण.

चढणीच्या तोंडाशी पाटी होती. अनेक भाषांत तिच्यावर मजकूर होता आणि त्याचा भावार्थ असा की, ही वाट आमच्या कायद्याप्रमाणे फार महत्त्वाची आहे, हे आमचे घर आहे, तुम्ही कृपा करून चढू नये. पाटीच्या शेजारीच साखळी सुरू होत होती आणि फाटकही होते. फाटक उघडे असेल त्या दिवशी चढावयास कोणतीही कायदेशीर आडकाठी नव्हती. म्हणजे घरधनी हात जोडून नको म्हणतो आहे, आणि सरकारने शिडी लावून ठेवली आहे! आमच्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत परस्परविरोधी परिपत्रके आम्ही पुष्कळ पाहिली. पण दोन्ही एकाच खांबाजवळ लावलेली तेवढी तिथेच पाहिली.

त्या सकाळी वारा फार होता. माथ्यावर वारा वाढला की रखवालदार फाटक बंद करीत. त्या दिवशीही ते बंद होते. आम्ही पायथ्याच्या वाटेने थोडे फिरलो, कुनिया अजगरीची गोष्ट ऐकली, मुतित्जुलूचा पाणवठा पाहिला, आणि संध्याकाळी युलाराच्या मुक्कामी परतलो. जेवताना आम्ही थोड्या समाधानाने म्हणालो की, बरे झाले, आपण त्या लोकांच्या भावनेचा मान राखला. त्यावर आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "मान तुम्ही राखलात की वाऱ्यानं? फाटक उघडं असतं तर तुम्ही काय केलं असतं, ते सांगा."

आम्ही उत्तर दिले नाही. गेल्या काही वर्षांत ते पुष्कळदा देऊन पाहिले. दर वेळी ते थोडे निराळे येते.

आपल्यासारख्यांना हा प्रश्न विशेष जड जातो, याचे एक कारण आपल्या श्रद्धेच्या घडणीतच आहे. आपला देव डोंगरावर बसतो तो आपण वर यावे म्हणून. जेजुरीला पायऱ्या आहेत, सप्तशृंगीला पायऱ्या आहेत. कळसूबाईच्या माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे आणि तेथे पोहोचावयास लोखंडी शिड्यादेखील लावल्या आहेत. आपल्याकडे साखळी धरून चढणारा म्हातारा पाहिला की कोणीही त्याच्या पाया पडेल. तेव्हा 'हे पवित्र आहे, म्हणून चढू नका' हे वाक्य आपल्या कानांना प्रथम उफराटे वाटते. पण जरा थांबले तर आपल्याच घरात दुसरी रीतही सापडते. मथुरा-आग्र्याकडे नोकरी केलेल्यांनी गोवर्धनाची परिक्रमा पाहिली असेल. सात कोस अंतर लोक अनवाणी, कोणी दंडवत घालीत चालतात, आणि निष्ठावंत वैष्णव त्या गिरिराजावर पाऊल ठेवीत नाही; तो डोंगरच त्याला देव. दक्षिणेत तिरुवण्णामलैला अरुणाचलाभोवती अशीच प्रदक्षिणा चालते. उलुरूभोवतीही सुमारे दहा किलोमीटरची पायवाट आहे आणि आनंगूंची पाहुण्यांना सूचना अशी की, तिने चाला, ऐका. प्रदक्षिणा हा शब्द त्यांना ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक होता, आणि तरीही आपली नजर साखळीकडे गेली.

चढणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. ती नीट मांडली पाहिजे. ते म्हणत, हा खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, मनुष्यजात कालची. त्यावर कोणा एका जमातीची श्रद्धा आम्हांला का बांधील? आम्ही तुमच्या पूर्वजांच्या कथा खऱ्या मानीत नाही. ज्याला कुर्पानी खोटा वाटतो त्याने कुर्पानीच्या वाटेला का भ्यावे? विवेकाच्या बाजूने लढलेल्या समाजात या प्रश्नाला वजन आहे. आपल्याकडेही कोणाला देवळाच्या पायरीवर अडविले ते 'श्रद्धे'च्या नावानेच, आणि ती पायरी ओलांडणाऱ्यांना आपण योग्य म्हणतो. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह आठवून पाहावा. मग तेथे ओलांडणे न्याय्य आणि येथे अन्याय्य, असे कशावरून?

आमच्या मते भेद श्रद्धेच्या खरेखोटेपणात नाही. अडविणारा कोण आणि अडविलेला कोण, यात आहे. नाशिकला पायरीवर अडविले जात होते ते माणूसपण नाकारलेल्या माणसांना, आणि अडवीत होते ते सत्ता हाती असलेले. उलुरूच्या पायथ्याशी 'नको' म्हणणारे ते, ज्यांच्या हातून एकेक करून सर्व काही गेले होते. शिवाय त्यांचे म्हणणे फक्त पावित्र्याचे नव्हते. त्यांनी दुसरे एक कारण सांगितले, ते आम्हांला अधिक जवळचे वाटते. त्यांच्या कायद्याने, आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानावर असते. १९५० च्या दशकापासून त्या चढणीशी निगडित ३७ मृत्यूंची नोंद झाली. कोणी घसरून पडले, पुष्कळांचे हृदय त्या चढाने थांबले. काहींच्या नावाच्या पाट्या पायथ्याशी खडकात बसविलेल्या होत्या. दर मृत्यूला आनंगू शोक करीत. न बोलाविता आलेला, ऐकून न घेता चढलेला, परक्या देशाचा माणूस. आणि दुःख त्यांचे! कुर्पानी खोटा मानणाऱ्याला हे दुःख खोटे म्हणता येईल काय? दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या विहिरीच्या काठावरून चालून दाखविणारा पाहुणा असतो ना, त्यातला हा प्रकार. विहिरीत देव आहे की नाही हा वाद तेथे कशाला काढावयाचा?

सिक्कीमकडे ज्यांची नेमणूक झाली असेल त्यांना कांचनजंगेची हकिकत ठाऊक असेल. १९५५ साली चार्ल्स इव्हान्स यांच्या तुकडीने ते शिखर प्रथम सर केले. सर केले असे म्हणतात खरे; पण २५ मे रोजी जो ब्राउन व जॉर्ज बँड माथ्यापासून काही फूट अलीकडे थांबले, आणि दुसऱ्या दिवशी आलेली जोडीही थांबली. सिक्कीमच्या राजाला त्यांनी तसे वचन दिले होते, कारण ते शिखर तेथील लोकांचे दैवत. साडेआठ हजार मीटर उंचीवर त्यांना पाहावयास कोणी नव्हते. ते चढणारे काही त्या दैवताचे भक्त नव्हते. तरी त्या काही फुटांना त्यांनी हात लावला नाही, आणि त्यांच्या पराक्रमातून आजवर कोणी ते काही फूट वजा केलेले नाहीत.

आता 'त्यांनीच तर परवानगी दिली होती' या मुद्द्याकडे वळू. हा मुद्दा फार ऐकू येतो आणि तो आमच्या वर्मी लागतो.

१९२० साली तो मुलूख मूळ रहिवाशांसाठी राखीव म्हणून जाहीर झाला. १९३४ साली एका तपासात पोलिसाने मुतित्जुलूच्या पाणवठ्याजवळच्या गुहेत दडलेल्या एका जखमी आनंगू माणसाला गोळी घातली. पुढल्या वर्षी चौकशी झाली. पोलिसावर खटला झाला नाही. मृताची हाडे पुराव्यासाठी अ‍ॅडलेडला गेली आणि तेथल्या संग्रहालयात पडून राहिली. मार्क मॅकेना या इतिहासकाराने २०२१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, पोलिसाने चौकशीत जे सांगितले ते त्याच्या स्वतःच्या टिपणवहीशी जुळत नव्हते. २०२२ साली त्या माणसाची कवटी उलुरूला आणून मातीआड केली. मृताचे नाव घेऊ नये अशी त्या लोकांची रीत आहे, म्हणून आम्हीही ते लिहीत नाही. त्या गोळीनंतर पुष्कळ आनंगू भीतीने वर्षानुवर्षे त्या जागेपासून दूर राहिले. १९५८ साली खडक राखीव मुलखातून काढून राष्ट्रीय उद्यान केला. आता, १९४० च्या दशकात काही आनंगू पुरुष गोऱ्या प्रवाशांबरोबर वर गेल्याची नोंद आहे. चढाई चालू राहावी असे म्हणणारे ती नोंद मोठ्या विजयाने दाखवीत. पण ज्या पाणवठ्यावर अलीकडेच गोळी झाडली गेली, तेथे बंदुकवाल्यांच्या जातभाईला 'नाही' म्हणण्याची सोय होती काय, हे त्या नोंदीत नसते.

१९८३ साली पंतप्रधान बॉब हॉक यांनी जमीन मूळ मालकांस परत देण्याचे जाहीर केले, आणि त्याबरोबर चढाई बंद करण्याचेही वचन दिले. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांच्या हस्ते मालकीची सनद दिली गेली. त्याच दिवशी मालकांनी ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारच्या उद्यान खात्याकडे सोपविली, आणि चढाई चालूच राहील ही अट मध्यंतरी आत शिरली होती. जमीन हवी तर एवढे कबूल करा, असा तो व्यवहार. ज्यांनी आयुष्यात करारनामे तयार केले आहेत त्यांना अशा कबुलीची किंमत माहीत असते. सही दोन्ही बाजूंची असते, शाई एकाच बाजूची.

या ठिकाणी आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही १९८० च्या दशकात छोटा नागपुराकडे नेमणुकीस होतो. तो भाग त्या वेळी बिहारात होता, आता झारखंडात आहे. दौऱ्यावर असताना एका गावाबाहेर सालवृक्षांचे जुने सरना पाहिले. सरना म्हणजे आपल्या देवराईसारखे. तेथे सरहुलाच्या सणाला पाहान, म्हणजे गावचा पुजारी, पूजा करतो. एरवी तेथे कोणी पानही तोडीत नाही. आम्हांला झाडांची आवड, नवा कॅमेरा गळ्यात, आणि बरोबर शिपाई, ग्रामसेवक, चार गावकरी असा लवाजमा. आम्ही पाहानाला विचारले, आत जाऊन फोटो घेतला तर चालेल ना? तो वयस्क माणूस क्षणभर आमच्या बुटांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हुजूर की जैसी मरजी." आम्ही आत गेलो. पूजेच्या दगडांजवळ त्यालाच उभे केले आणि फोटो घेतला. बाहेर येऊन त्याचे आभार मानले. आम्ही विनयाने वागलो, विचारून वागलो, असे आम्हांला त्या दिवशी प्रामाणिकपणे वाटले होते. घरच्या पत्रात तसे लिहिलेही.

'जैसी मरजी' हे उत्तर होकार नसून आपल्या पदाचा पडसाद आहे, हे समजण्यास आम्हांला तीस वर्षे आणि एक परक्या देशातला खडक लागला. त्या पाहानापुढे आम्ही प्रश्न टाकला असे आम्हांला वाटले. त्याला तो हुकूम ऐकू आला. तो आमच्याशी खोटे बोलला नाही. आमच्या मर्जीचीच बाब होती, आणि तसेच तो म्हणाला.

उलुरूची पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. विनंतीची पाटी फुकट गेली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९९० च्या दशकात येणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक चढत. २०१५ च्या सुमारास हे प्रमाण १६ टक्क्यांपर्यंत उतरले. २०१० च्या व्यवस्थापन आराखड्यात असे ठरले होते की, चढणारे २० टक्क्यांच्या खाली गेले की चढाई बंद करण्याचा विचार व्हावा. १ नोव्हेंबर २०१७ रोजी, ज्यात बहुसंख्य सभासद आनंगू आहेत अशा उद्यान मंडळाने एकमताने निर्णय घेतला, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून, म्हणजे सनद मिळाल्याच्या चौतिसाव्या वर्धापनदिनी, ती वाट कायमची बंद झाली. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष सॅमी विल्सन म्हणाले होते की ही जागा अत्यंत महत्त्वाची आहे, डिस्नेलँडसारखी करमणुकीची बाग नव्हे.

मधल्या दोन वर्षांत काय घडले, ते मनुष्यस्वभावाचे एक प्रकरणच होय. बंदी येणार असे कळताच गर्दी उसळली. २०१९ च्या जुलैत साखळीवर माणसांची अखंड रांग लागलेली छायाचित्रे जगभर छापून आली. तंबूंच्या जागा भरून गेल्या, लोक रस्त्याकडेला मुक्काम ठोकून घाण टाकू लागले. शेवटच्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, सकाळी वाऱ्यामुळे फाटक बंद होते आणि लोक ताटकळत उभे होते. दहाच्या सुमारास ते उघडले. त्या रांगेत असे कितीतरी असतील की ज्यांना एरवी उलुरू चढण्याची यत्किंचित इच्छा झाली नसती. त्यांना ओढून आणले ते 'उद्यापासून नाही' या शब्दांनी. हुकुमाचे हे असे असते. तो पाळणारे निर्माण करतो आणि त्याच्या आदल्या दिवशी मोडून घेणारेही.

म्हणूनच आमच्या मनात एक रुखरुख राहून गेली आहे. बंदी आली हे योग्य झाले, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पस्तीस वर्षे कोणी हात जोडून उभे राहावे आणि आपण त्यावर आपल्या सद्‌वर्तनाचे प्रयोग करीत बसावे, हा कसला न्याय? पण पाटी होती तोवर त्या पायथ्याशी एक विलक्षण गोष्ट घडत होती. शंभरातले चौऱ्याऐंशी लोक, ज्यांना कोणी अडविले नव्हते, ते परत फिरत होते. यांपैकी किती वाऱ्याने, किती गुडघ्यांनी आणि किती विचाराने फिरले, हे सांगता येत नाही. आम्ही त्यांतल्या कोणत्या वर्गात होतो हे वर आलेच आहे. आता जो जाईल त्याला हा प्रश्न पडणार नाही. साखळी काढून टाकली आहे. आमच्या धाकट्या चिरंजीवाने २०२३ साली तेथून पत्र धाडले. त्यात खडकाचा रंग आहे, प्रदक्षिणेची वाट आहे, उन्हाचा तडाखा आहे. चढावे की चढू नये याबद्दल एक ओळ नाही, आणि का असावी? अंगावरचा तो पांढुरका पट्टा मात्र अजून दिसतो, असे त्याने लिहिले आहे.

त्या उद्यानाच्या कचेरीत एक निराळीच टपाल येते, याची माहिती आम्हांला तेथेच मिळाली होती. येणारे प्रवासी उलुरूचा खडा, मूठभर तांबडी माती खिशात घालून नेत. आणि काही महिन्यांनी, काही वर्षांनी ते खडे पुडक्यात बांधून परत येत. सोबत चिठ्ठी असे. कोणी लिही की खडा नेल्यापासून घरात आजारपण आहे. कोणी एवढेच लिही की हा आमचा नव्हता, क्षमा असावी. तेथील लोक त्यांना 'क्षमेचे खडे' असे म्हणतात. इतक्या पुडक्यांचे करावयाचे काय, ही कचेरीपुढे अडचणच आहे. कोणता खडा कोठला हे कळत नाही, आणि भलत्या जागी टाकला तर तेही चुकीचे. आम्ही हे ऐकून त्या वेळी हसलो होतो.

सरनातला तो फोटो आमच्या संग्रहात आहे. सालाची झाडे चांगली आली आहेत. उजेड पानांतून खाली उतरला आहे. पाहान दगडांपासून जरा बाजूला, अंग चोरून उभा आहे, आणि तो कॅमेऱ्याकडे पाहत नाही. मागल्या वर्षी आम्ही तो पाकिटात घातला आणि गावाचे, तालुक्याचे, जिल्ह्याचे नाव लिहिले. तालुक्याचे नाव बदलले असावे. जिल्हाही दुसरा झाला. पाहानाचे नाव आम्ही त्या दिवशी विचारलेच नव्हते. पाकीट अजून टेबलाच्या खणात आहे.